साखळी करवतीचा बार व साखळी

साखळी करवतीचा बार व साखळी : साखळी करवत हे पेट्रोल एंजिनावर किंवा विद्युत् चलित्रावर चालणारे, हातात धरून वापरावयाचे लाकूड कापण्याचे यंत्र आहे. त्यात प्रत्यक्ष कापण्याचे काम एका लांबट पोलादी पट्टीच्या कडेवरून वेगाने फिरणारी दातेरी साखळी करते. या पट्टीला मार्गदर्शक पट्टी व व्यवहारात बार म्हणतात. साखळीला दुकानदार व कारागीर सर्रास चेन म्हणतात. एंजिनाची निगा नीट राखली, तर ते अनेक वर्षे चालते. साखळी व बार मात्र झिजणारे भाग असून यंत्राच्या आयुष्यात साखळ्या अनेकदा व बार काही वेळा बदलावे लागतात. बदली भाग निवडताना बहुतेक ग्राहक फक्त बारची इंचांतील लांबी सांगतात. एवढ्या माहितीवर योग्य साखळी मिळणे हा केवळ योगायोग असतो. कारण साखळी, बार आणि एंजिनाच्या दंडावरील दंतचक्र हे तीन भाग मिळून एकच संच होतो व तो लांबीखेरीज आणखी तीन-चार मापांनी एकमेकांशी बांधलेला असतो. यांतील एखादे माप चुकले, तर साखळी बसत नाही; आणि काही चुका अशा आहेत की, साखळी बसते पण काम करताना बारवरून उतरते, तुटते किंवा करवत उलट उसळते. शेवटची शक्यता सर्वांत घातक होय.

इतिहास : साखळीच्या रूपातील करवत प्रथम शस्त्रक्रियेत वापरली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन व जेम्स जेफ्रे या वैद्यांनी हाडे कापण्यासाठी हाताने ओढावयाची बारीक दातेरी साखळी उपयोगात आणली. वृक्षतोडीसाठी शक्तिचलित साखळी करवती विसाव्या शतकात तयार झाल्या. जर्मनीत आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, एमिल लेर्प यांनी थुरिंजियातील डोल्मार डोंगरावर आपल्या पेट्रोल करवतीची चाचणी घेतली. ही यंत्रे दोन माणसांनी उचलावी लागत असत. त्यांच्या साखळीचे दाते जुन्या दोन-माणशी आडव्या करवतीच्या दात्यांची नक्कल होते. ते लाकूड ओरबाडून भुसा पाडीत, लवकर बोथट होत व कानशीने धार लावण्यात पुष्कळ वेळ जाई.

यात मूलभूत सुधारणा अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील जोसेफ बुफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने केली. १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी त्याच्या पाहण्यात आली. ही अळी आपल्या आकड्यासारख्या जबड्यांनी डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे लाकडाचे कण खरवडत, तंतूंच्या दिशेने तसेच तंतूंना आडवी, सारख्याच सहजतेने पुढे जात होती. त्यावरून कॉक्स याने वरच्या बाजूस वळलेले, आळीपाळीने डावे व उजवे असे दाते असलेली साखळी बनविली आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे आपल्या घराच्या तळघरात तिचे उत्पादन सुरू केले. आजची जवळजवळ प्रत्येक साखळी याच कल्पनेवर आधारलेली आहे.

रचना : साखळीत तीन प्रकारच्या कड्या रिव्हेटांनी जोडलेल्या असतात. मध्यभागी असणाऱ्या कडीला खालच्या बाजूस शार्कच्या पराच्या आकाराची शेपटी असते. ही शेपटी बारच्या कडेवरील खोबणीतून सरकते व दंतचक्राच्या खाचांत अडकून साखळीला गती घेते. हिला चालक कडी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या कड्यांत एकाआड एक दात्याची कडी व साधी जोडपट्टी अशी मांडणी असते. प्रत्येक दात्याच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दाता लाकडात किती खोल शिरावा हे तो ठरवितो, म्हणून त्यास खोलीमापक म्हणतात. हा उंचवटा दात्याच्या धारेपेक्षा बहुधा ०·६५ मिमी. इतका खाली असतो. कानस लावताना तो प्रमाणाबाहेर उतरविला, तर दाता लाकडात रुततो आणि यंत्र हिसके देते.

साखळीची गती किती असते याची कल्पना साध्या गणिताने येते. ९·५२५ मिमी. पिचच्या साखळीला सात दात्यांचे दंतचक्र असेल, तर चक्राच्या एका फेऱ्यात साखळी १३३ मिमी. पुढे सरकते. मिनिटाला १०,००० फेरे धरल्यास हा वेग सेकंदाला सु. २२ मी., म्हणजे ताशी सु. ८० किमी. होतो. सु. १·३७ मी. लांबीची साखळी या वेगाने सेकंदास सु. १६ वेळा बारभोवती फिरते. पोलादावर पोलाद इतक्या वेगाने घासत असताना माप अर्ध्या मिलिमीटरने चुकणे ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

पिच : साखळीतील लागोपाठच्या तीन रिव्हेटांच्या पहिल्या व तिसऱ्या रिव्हेटमधील अंतराच्या निम्म्यास पिच किंवा अंतराल म्हणतात. दोनच रिव्हेटांमधील अंतर का मोजत नाहीत, याचे कारण असे की, चालक कडीवरील दोन रिव्हेटांतील अंतर व शेजारच्या जोडपट्टीवरील अंतर ही सारखी नसतात. म्हणून सरासरी घ्यावी लागते. प्रचारातील पिच १/४, ०·३२५, ३/८ आणि ०·४०४ इंच (अनुक्रमे ६·३५, ८·२५, ९·५२ व १०·२६ मिमी.) असे आहेत. मेट्रिक मापनपद्धती स्वीकारलेल्या देशांतही बारवर व खोक्यावर इंचांतीलच आकडे असतात. पाव इंची साखळी फांद्या छाटण्याच्या व कोरीव कामाच्या छोट्या यंत्रांवर, ०·३२५ इंची मध्यम यंत्रांवर, ३/८ इंची मोठ्या यंत्रांवर आणि ०·४०४ इंची फार मोठ्या बुंध्यांसाठी वापरतात.

३/८ इंची पिचच्या बाबतीत एक फसवा प्रकार आहे. या पिचच्या साखळ्या दोन असतात : एक पूर्ण उंचीची व दुसरी ठेंगणी. दुसरीला लो प्रोफाइल म्हणतात व ती लहान एंजिनांच्या आणि विजेच्या करवतींवर असते. दोहोंवरील पिचचा आकडा एकच असला, तरी चालक कडीच्या शेपटीचा आकार वेगळा असल्याने दंतचक्र व बारच्या टोकाचे चक्र ही दोन्ही वेगळी लागतात. खोक्यावर ३/८ पाहून एकीच्या जागी दुसरी घेतली, तर ती हाताने फिरते, पण एंजिनाचा जोर येताच दंतचक्रावर चढू लागते. परत करावयास आलेल्या साखळ्यांत ही चूक वारंवार आढळते.

गेज : चालक कडीच्या शेपटीची जाडी म्हणजे गेज होय, बारच्या खोबणीची रुंदी तिच्याशी जुळावी लागते. रूढ गेज ०·०४३, ०·०५०, ०·०५८ व ०·०६३ इंच (१·१, १·३, १·५ व १·६ मिमी.) आहेत. जाड शेपटी अरुंद खोबणीत शिरतच नाही. त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलट १·३ मिमी. ची साखळी १·५ किंवा १·६ मिमी. च्या खोबणीत सहज बसते, फिरतेही; परंतु ती एका बाजूस कलते, काप वाकडा जातो, खोबणीच्या कडा एकीकडे झिजतात आणि बाजूने जोर आल्यास साखळी उतरते. ‘बसली म्हणजे चालेल’ हा व्यवहारी नियम येथे लागू पडत नाही.

१·५ व १·६ मिमी. यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही. जुन्या साखळीची शेपटी सूक्ष्ममापकाने किंवा निदान व्हर्नियर मापकाने मोजावी. झिजलेली शेपटी मूळ मापापेक्षा किंचित पातळ भरते, हे ध्यानात ठेवून जवळचे वरचे प्रमाणित माप धरावे.

चालक कड्यांची संख्या : साखळीची लांबी इंचांत न मोजता चालक कड्यांच्या संख्येने सांगतात. संख्येला दुपटीने व नंतर पिचने गुणले की साखळीची एकूण लांबी मिळते. ३/८ इंची पिचच्या ७२ कड्यांची साखळी १,३७२ मिमी. भरते. बारची लांबी तीच असूनही कड्यांची संख्या बदलते, कारण यंत्राच्या दंतचक्रापासून बारपर्यंतचे अंतर प्रत्येक निर्मात्याचे निराळे असते. उदा., १८ इंची बार व ३/८ इंची पिच असताना श्टीलच्या यंत्रांस बहुधा ६६ कड्या, तर हुस्कवार्नाच्या यंत्रांस ६८ कड्या लागतात. एका कडीने साखळीची लांबी १९ मिमी. ने बदलते, म्हणजे ताण देण्याच्या स्क्रूला बार सु. ९·५ मिमी. पुढेमागे सरकवावा लागतो. या स्क्रूची पोच मर्यादित असते. दोन कड्या जास्त असलेली साखळी नवी असताना कशीबशी ताणता आली, तरी थोड्या वापराने ती लांबल्यावर स्क्रूला जागाच उरत नाही. कड्या मोजण्यासाठी साखळी सरळ पसरून जोडी-जोडीने मोजणे सोयीचे असते. एखाद्या कडीवर खडूची खूण करून सुरुवात करावी, म्हणजे तीच कडी दोनदा मोजली जात नाही.

बार : साधा बार एकसंध पोलादी पत्र्याचा असतो किंवा तीन पातळ पत्रे एकावर एक ठेवून ठिपका-वितळजोडाने सांधलेला असतो. पहिला जड पण टिकाऊ, दुसरा हलका व स्वस्त. घरगुती व मध्यम यंत्रांवर बहुधा दुसरा असतो. बारच्या टोकाशी छोटे दंतचक्र बसविलेले असते, त्यामुळे घर्षण कमी होते. या चक्राचा पिचही साखळीच्या पिचशी जुळलाच पाहिजे. काही बारचे टोक चक्रविरहित असून त्यावर कठीण मिश्रधातूचा थर चढविलेला असतो. माती-वाळूत काम करणाऱ्यांना असा बार परवडतो, कारण त्यात अडकण्याजोगा फिरता भाग नसतो. व्यावसायिक बारचे टोक वेगळे काढून बदलता येते.

बारचा मागचा भाग यंत्राच्या खुंट्यांवर बसतो. तेथे एक लांबट खाच, ताण देणाऱ्या खिळीसाठी भोक व तेल येण्याचे भोक असते. खाचेची रुंदी व भोकांच्या जागा निर्मात्यानुसार व यंत्राच्या आकारानुसार ठरलेल्या असतात. खाच जुळली, पण तेलाचे भोक जुळले नाही, तर बार बसतो. मात्र साखळीला तेल मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत बारच्या कडा तापून निळ्या पडतात व त्यांचे कठिनीकरण नाहीसे होते. परक्या बनावटीचा बार घेताना जुना बार नव्यावर ठेवून खाच व दोन्ही भोके एकमेकांशी पडताळून पाहावीत. छिद्र पाडून जुळविलेला बार काही काळ चालतो, पण तो चांगला उपाय नव्हे.

खुणा वाचणे : बारच्या मागच्या भागावर, यंत्राच्या झाकणाखाली जाणाऱ्या जागी, लांबी, पिच, गेज व चालक कड्यांची संख्या हे आकडे कोरलेले असतात. झाकण काढून, मळ पुसून हे आकडे टिपून घेणे ही निवडीची पहिली पायरी होय. बार पूर्वीच एकदा बदललेला असेल, तर यंत्राच्या मूळ पुस्तिकेतील आकडेही पडताळावेत. चुकीचा बार व त्याला जुळणारी चुकीची साखळी असा संच बराच काळ निमूट चाललेला असू शकतो.

साखळीवरही खुणा असतात. श्टीलच्या साखळ्यांवर खोलीमापकावर पिचचा अंक व चालक कडीवर गेजचा अंक असतो : २ म्हणजे ०·३२५ इंच, ३ म्हणजे ३/८ इंच, ४ म्हणजे ०·४०४ इंच व ६ म्हणजे ठेंगणी ३/८ इंच, चालक कडीवर ३ असल्यास गेज १·३, ५ असल्यास १·५ व ६ असल्यास १·६ मिमी. ऑरेगन या छापाच्या साखळ्यांच्या चालक कडीवर दोन अंकी संख्या असते. तीत ७२, ७३ व ७५ या पूर्ण ३/८ इंची पिचच्या अनुक्रमे ०·०५०, ०·०५८ व ०·०६३ इंच गेजच्या साखळ्या, २१ ही ०·३२५ इंची पिचची ०·०५८ इंच गेजची, तर ९१ ही ठेंगणी ३/८ इंची ०·०५० इंच गेजची साखळी होय. येथे गोंधळाची एक जागा आहे : ७२ ही संख्या कडीवर असली तर ती साखळीचा प्रकार दाखविते आणि बारवर असली तर बहुधा कड्यांची संख्या. दुकानात नुसते ‘बहात्तरची चेन’ म्हटल्यास दोघांच्या मनात दोन वेगळ्या वस्तू असू शकतात.

लांबीचा मोह : बारची उपयुक्त लांबी म्हणजे यंत्राच्या पुढच्या काट्यांपासून टोकापर्यंतची लांबी, बारची संपूर्ण लांबी नव्हे. बार बदलण्याची वेळ आली की, थोडा लांब घ्यावा असे अनेकांना वाटते. परंतु लांब बारबरोबर लाकडात एकाच वेळी रुतणाऱ्या दात्यांची संख्या, घर्षण व तेलाची गरज ही सारी वाढतात; एंजिनाची शक्ती व तेलपंपाची क्षमता मात्र तीच राहते. सर्वसाधारणपणे ३० ते ४० घ. सेंमी. च्या एंजिनास ३० ते ४० सेंमी. (१२ ते १६ इंच), ५० ते ६० घ. सेंमी. च्या एंजिनास ४० ते ५० सेंमी. (१६ ते २० इंच) व ७० घ. सेंमी. च्या पुढील एंजिनास ६० सेंमी. (२४ इंच) किंवा अधिक लांबीचा बार शोभतो. भारतीय बाजारात ५० ते ६० घ. सेंमी. च्या स्वस्त यंत्रांबरोबर २२ इंची बार सर्रास विकला जातो. आंब्याच्या किंवा चिंचेच्या ओल्या बुंध्यात तो पूर्ण बुडविला, की एंजिन दमते व क्लच घसरून तापतो; कामगार मात्र दोष साखळीला देतो. अशा यंत्रावर १८ इंची बार घातल्यास काम अधिक लवकर होते. बुंधा जाड असला, तर दोन्ही बाजूंनी काप घेता येतो. बारच्या लांबीच्या जवळपास दुप्पट व्यासाचे झाडही या रीतीने पाडतात.

लाकडानुसार साखळी : पिच, गेज व संख्या यांबाबत निवडीला वाव नसतो, ती यंत्राने ठरवून दिलेली असतात. दात्याच्या आकाराबाबत मात्र निवड करता येते व ती लाकूड पाहून करावी. चौकोनी कोपऱ्याच्या दात्याला फुल चिझल म्हणतात. स्वच्छ व मऊ लाकडात तो सर्वांत वेगाने कापतो, पण त्याचा अणकुचीदार कोपरा मातीच्या एका स्पर्शाने जातो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल दाता किंचित सावकाश कापतो आणि बराच वेळ धार धरतो. यूरोप-अमेरिकेतील सूचिपर्णी जंगलांच्या अनुभवावर लिहिलेल्या माहितीपत्रकांत पहिल्याची स्तुती असते. महाराष्ट्रातील लाकडांना दुसरा अधिक मानवतो. सागात सिलिका असल्याने तो धार खातो. बाभूळ, खैर व वाळलेली चिंच ही कठीण आहेत. आणि वस्तीतल्या झाडांत खिळे, तारा, फलकांचे आकडे हमखास निघतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, त्या वेळी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत नारळ, सुपारी व आंब्याची असंख्य झाडे पडली. उन्मळून पडलेल्या बुंध्यांच्या सालीत वाळू व माती भरलेली असते, नारळाच्या खोडाचा बाहेरचा थर कठीण व तंतुमय असतो. अशा कामावर साखळी दिवसातून अनेकदा कानसावी लागते. म्हणून आपत्ती निवारणाच्या पथकांनी धार धरणाऱ्या साखळ्या व त्याही एकाच मापाच्या, जोडीने बाळगणे श्रेयस्कर. तीन बनावटींची तीन यंत्रे असलेल्या पथकात ऐन वेळी दुसऱ्याच यंत्राची साखळी हाती येते. [⟶ लाकूड].

ओंडका आडवा तोडणे आणि त्याच्या उभ्या फळ्या पाडणे या क्रिया भिन्न आहेत. आडव्या कापासाठी दात्याच्या वरच्या धारेचा कोन २५° ते ३५° असतो. उभे चिरताना तंतूंची टोके खरवडावी लागतात, त्यासाठी सु. १०° कोनाची खास साखळी मिळते. ती सावकाश पण गुळगुळीत चिरते. साध्या साखळीने फळ्या पाडता येतात, मात्र पृष्ठभाग खडबडीत येतो आणि एंजिनावर दीर्घकाळ पूर्ण भार राहतो.

फार लांब बारवर दात्यांची संख्या कमी केलेली साखळी वापरतात. ७२ कड्यांच्या नेहमीच्या साखळीत ३६ दाते असतात; एका दात्यानंतर दोन जोडपट्ट्या अशी मांडणी केल्यास २४ राहतात. त्यामुळे भुशाला जागा मिळते व कानसण्याचा वेळ वाचतो. ६० सेंमी. पेक्षा आखूड बारवर या साखळीचा लाभ नाही. ती उलट धक्के देते.

उलट उसळी : बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला किंवा शेजारच्या फांदीला टेकला, तर तेथील दाता अडकतो आणि साखळीची गती क्षणार्धात संपूर्ण करवतीला वर व मागे, चालकाच्या तोंडाकडे, फेकते. हे इतक्या लवकर घडते की, माणसाला प्रतिक्रियेस अवधी मिळत नाही. पुढच्या ढालीला जोडलेला साखळीचा ब्रेक याचसाठी असतो. बार व साखळीच्या निवडीचा या अपघाताशी थेट संबंध आहे. टोकाची त्रिज्या जितकी लहान, तितके अडकणारे दाते कमी व उसळी सौम्य. काही साखळ्यांत दात्यापुढे उतरती संरक्षक कडी असते; टोकाशी वळताना ती दात्याला खोल रुतू देत नाही. अमेरिकेत सु. ६२ घ. सेंमी. पेक्षा लहान यंत्रांसाठी कमी उसळीची साखळी हे सुरक्षा मानकच आहे. अशी साखळी टोकाने भोसकून कापण्याच्या कामी मंद ठरते, म्हणून अनुभवी कारागीर ती टाळतात; परंतु वर्षातून चार-दोन वेळा करवत हाती घेणाऱ्या बागायतदाराने तीच घ्यावी. मूळ यंत्रावर संरक्षक कडीची साखळी आलेली असताना स्वस्त मिळते म्हणून साधी साखळी चढविणे म्हणजे यंत्राच्या सुरक्षिततेचा एक भाग काढून टाकणे होय. कोणतीही साखळी हा धोका पूर्णपणे नाहीसा करीत नाही.

झीज व बदलण्याची वेळ : दात्याची लांबी ३ ते ४ मिमी. उरली किंवा दात्यावरील खुणेची रेघ आली की, साखळी टाकून द्यावी. त्याआधीच कडीला तडा दिसला, रिव्हेट सैल झाले किंवा शेपट्यांचे टोक चेपले असेल, तर थांबू नये. तुटलेल्या साखळीचा तुकडा गोळीच्या वेगाने सुटतो. साखळी धारदार असूनही काप एका बाजूस वळत असेल, तर दोन शक्यता असतात : डावे व उजवे दाते असमान कानसले गेले आहेत किंवा बारची खोबण रुंदावली आहे. त्यांतील भेद सरळ पट्टीने कळतो. पट्टी बारच्या बाजूवर व एका दात्यावर टेकवावी. बार व पट्टी यांत फट राहिली, तर खोबण ठीक आहे. फट न राहता साखळी कलून पट्टी बारला चिकटली, तर बार संपला. खोबणीची खोलीही पाहावी. ती ठेंगण्या ३/८ इंची साखळीसाठी सु. ५ मिमी., ०·३२५ व पूर्ण ३/८ इंची साखळीसाठी सु. ६ मिमी. व ०·४०४ इंची साखळीसाठी सु. ७ मिमी. पेक्षा कमी झाली, की शेपट्या तळाला घासू लागतात. बारच्या कडेला आलेली धातूची कुसळे सपाट कानशीने काढता येतात व त्यासाठी बार बदलण्याचे कारण नाही. दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसविल्यास दोन्ही कडा सारख्या झिजतात आणि त्याचे आयुष्य बरेच वाढते.

दंतचक्राचा विसर बहुतेकांना पडतो. साखळी वापराने लांबते व तिचा पिच किंचित वाढतो; चक्राचे दाते त्याच मापाने झिजतात. अशा चक्रावर नवी साखळी चढविली, तर मूळ पिचची शेपटी झिजलेल्या खाचेत नीट बसत नाही व नवी साखळी थोड्याच दिवसांत जुनी होते. चक्रावरील झिजेची खूण ०·५ मिमी. पेक्षा खोल गेल्यास, किंवा दोन साखळ्या संपल्यावर, चक्र बदलावे. दोन-तीन साखळ्या आळीपाळीने वापरल्यास त्या व चक्र बरोबरीने झिजतात. मोठ्या कामासाठी ही रीत काटकसरीची ठरते. काही यंत्रांत चक्राचे बाहेरचे कडे तेवढे वेगळे बदलता येते; ते स्वस्त पडते.

कानसही साखळीबरोबरच घ्यावी. पाव इंची व ठेंगण्या ३/८ इंची साखळीस ४ मिमी., ०·३२५ इंची साखळीस ४·८ मिमी., पूर्ण ३/८ इंची साखळीस निर्मात्यानुसार ५·२ किंवा ५·५ मिमी. व ०·४०४ इंची साखळीस ५·५ मिमी. व्यासाची गोल कानस लागते. चुकीच्या व्यासाची कानस चांगल्या दात्याचा कोन दोन-तीन वेळांतच बिघडविते.

बसविणे : नवी साखळी काही तास तेलात बुडवून ठेवतात, म्हणजे रिव्हेटांत वंगण पोहोचते. बसविताना बारच्या वरच्या कडेवरील दात्यांची धार टोकाच्या दिशेला असावी. उलटी बसविलेली साखळी कापत नाही, फक्त लाकूड जाळते. बारचे टोक किंचित वर उचलून धरून ताण द्यावा. साखळी बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, तरीही हाताने, हातमोजा घालून, सहज ओढता यावी. पहिल्या काही मिनिटांत ती लक्षणीय लांबते, म्हणून एंजिन बंद करून व साखळी निवू देऊन पुन्हा ताणावी लागते. गरम असताना ताणलेली साखळी काम संपल्यावर सैल करून ठेवावी. निवताना ती आखडते व एंजिनाच्या दंडावर व धारव्यांवर ताण पडतो. वंगणासाठी चिकट असे साखळीचे तेल वापरावे. वाहनांतून काढलेले काळे तेल स्वस्त असल्याने अनेक ठिकाणी वापरले जाते, पण त्यात धातूचे सूक्ष्म कण असतात व ते पंप आणि खोबण दोन्ही खातात. तेल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी चालू करवतीचे टोक एखाद्या फिक्या रंगाच्या ओंडक्यावर, न टेकविता, धरावे. काही क्षणांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती उमटेपर्यंत नव्या बारने काप घेऊ नये.